ट्रायपॉडचं हेड: किलोंचा आकडा बाजूला ठेवा, आवळून बघा

हेड म्हणजे ट्रायपॉड आणि कॅमेरा यांच्या मधला, कॅमेरा हवा तसा वळवून धरणारा सांधा. बॉल हेडमध्ये कॅमेरा एका गोळ्यावर फिरतो, गिअर हेडमध्ये दातेरी चाकांवर. सिरुईच्या के-२०एक्स या बॉल हेडचं वजन ४०० ग्रॅम आणि कंपनीनं दिलेलं भारमान, म्हणजे पेलता येणारं वजन, २५ किलो. मॅनफ्रोटोच्या ४१० या गिअर हेडचं वजन १.२२ किलो आणि भारमान फक्त ५ किलो. डब्यावरचे हे आकडे शेजारी ठेवले की वाटतं, एक तृतीयांश वजनात पाचपट ताकद मिळत असेल तर दुसरं कोण घेईल? पण पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागाचे खांब फ्रेममध्ये सरळ उभे करायचे असतील, तर ४१० वर ते काम मिनिटाभरात होतं आणि के-२०एक्सवर त्यासाठी घाम निघतो. दोन्ही हेड उत्तम आहेत. फक्त त्यांच्या भारमानाच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करता येत नाही.

याचं कारण असं की भारमान मोजायची सगळ्या कंपन्यांची मिळून एक ठरलेली पद्धत नाही. वजन कोणत्या कोनात टांगलं, गोळ्यापासून किती अंतरावर होतं, किती वेळ ठेवलं, हे डब्यावर छापलेलं नसतं. आणि हेडवर खरा ताण येतो तो या अंतरामुळेच.

हिशेब अगदी साधा आहे. कॅमेरा आणि २४-७० लेन्स मिळून दीड किलो धरा. त्यांचा गुरुत्वमध्य गोळ्याच्या केंद्रापासून साधारण १० सेंटिमीटर वर येतो. कॅमेरा सरळ उभा असेल तर वजन थेट गोळ्यातून खाली उतरतं आणि गोळ्याला पिरगळणारा जोर जवळपास शून्य असतो. कॅमेरा ४५ अंश कलवला की हा जोर १०.६ किलो-सेंटिमीटर होतो. उभ्या फोटोसाठी पूर्ण ९० अंश आडवा केला की १५. म्हणजे वजन तेच, हेड तेच, पण काम शून्यापासून पंधरापर्यंत बदलतं. म्हणूनच ‘१५ किलो’ लिहिलेल्या स्वस्त हेडवर दीड किलोचा कॅमेरा उभ्या फ्रेममध्ये हळूहळू मान टाकतो आणि घेणाऱ्याला वाटतं की आपल्याला खराब नग मिळाला.

आकड्यापेक्षा गोळ्याचा व्यास जास्त खरं सांगतो. पकड घर्षणाची असते आणि गोळा मोठा असेल तर तेच घर्षण केंद्रापासून लांबवर काम करतं. के-२०एक्सचा गोळा ३८ मिमीचा आहे. मिररलेस कॅमेरा आणि २४-७०, १६-३५ किंवा लहान टेलि लेन्स असा संच असेल तर ३६ ते ४० मिमीचा गोळा पुरतो. ७०-२०० एफ २.८ नेहमी लागत असेल तर ४४ मिमीच्या आसपास जा. ५४ मिमीचे गोळे पाठीवर घेऊन सिंहगड चढायचा असेल तर त्या वजनाचा आधी विचार करा.

आता मूळ मुद्दा. बॉल हेड घेताना एकच गोष्ट तपासायची झाली तर ही तपासा: फ्रेम लावली, नॉब आवळला, हात काढला, फ्रेम आहे तिथेच राहिली का? बहुतेक हेडवर ती थोडी खाली बसते. नॉब आवळताना आतली कप गोळ्याला एका बाजूनं दाबते, त्यामुळे गोळा किंचित सरकतो. शिवाय हात काढला की आत्तापर्यंत हातावर असलेलं वजन हेडवर येतं आणि प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला लागणारी पट्टी), तिला धरणारा हेडवरचा क्लॅम्प, रबराची चकती सगळंच थोडं दबतं.

ही घसरण दशांश अंशाची असली तर काय बिघडतं? लेन्सवर अवलंबून आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स असेल तर ०.१ अंश म्हणजे सुमारे ७ पिक्सेल. कोणाच्या लक्षातही येणार नाही. २०० मिमीवर तेवढ्याच घसरणीचे ५८ पिक्सेल होतात. निसर्गचित्राला तेही चालतं. पण लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफासाठी नथीचे फोटो काढताना, मोत्यांवर फोकस सरकवत वीस-पंचवीस फोटो एकत्र जोडायचे असताना, प्रत्येक वेळी हेड जरा बसलं तर कडेचे मोती दुहेरी दिसायला लागतात. तिथे बॉल हेड नकोच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ज्यांच्याकडे बॉल हेडच आहे त्यांना दोन उपाय करता येतात. पहिला, फ्रिक्शनचा छोटा नॉब नीट लावणं. चांगल्या बॉल हेडला तीन नियंत्रणं असतात: मुख्य लॉक, फ्रिक्शन (गोळा किती जड फिरावा ते ठरवणारं) आणि तळाचं पॅन लॉक (पॅन म्हणजे डावी-उजवीकडे फिरणं). सर्वांत जड लेन्स लावा, मुख्य लॉक पूर्ण सोडा, एक हात कॅमेऱ्याखाली धरा आणि फ्रिक्शन एवढं वाढवा की कॅमेरा हातानं हलवला तर हलेल पण सोडला तर पडणार नाही. मग मुख्य नॉबला शेवटचा थोडासाच पीळ द्यावा लागतो आणि घसरणही कमी होते. अनेक जण हा नॉब आयुष्यात एकदाही फिरवत नाहीत, मग एके दिवशी लॉक सैल होतं आणि लेन्सचं नाक ट्रायपॉडच्या पायावर आपटतं. दुसरा उपाय म्हणजे फ्रेम हवी त्यापेक्षा केसभर वर लावून आवळणं. चालतं, पण हा जुगाडच.

उभ्या फोटोसाठी बॉल हेडच्या बाजूला एक खाच असते, तिच्यात गोळ्याची मान आडवी बसते. हा मार्ग शक्यतो टाळा. वर सांगितलेला १५ किलो-सेंटिमीटरचा जोर इथेच येतो, शिवाय सगळं वजन ट्रायपॉडच्या एका बाजूला जातं. त्यापेक्षा कॅमेऱ्याला एल आकाराची प्लेट लावा. मग कॅमेरा काढून ९० अंशात फिरवून पुन्हा क्लॅम्पमध्ये बसवला की वजन गोळ्याच्या वरच राहतं. उभे फोटो वारंवार काढणाऱ्यांसाठी मोठ्या हेडवर खर्च करण्यापेक्षा एल प्लेट जास्त उपयोगी पडते.

बॉल हेडची आणखी एक अडचण पॅनोरामात कळते. पॅनचा सांधा गोळ्याच्या खाली, तळाशी असतो. ट्रायपॉडचे पाय सपाट नसतील तर गोळा फिरवून कॅमेरा समपातळीत आणला तरी फिरण्याचा अक्ष तिरपाच राहतो. खडकवासल्याच्या भिंतीवरून धरणाचा पॅनोरामा काढताना पहिली फ्रेम बरोबर येते आणि चौथ्या-पाचव्या फ्रेमपर्यंत पाण्याची रेघ उतरायला लागते. कॅमेऱ्यावरची पाणसळ त्या एका दिशेपुरतीच खरी असते. उपाय दोन: पायांची लांबी बदलून हेडचा तळ आधी समपातळीत आणा, किंवा वरच्या क्लॅम्पलाही पॅन असलेलं हेड घ्या. तसं हेड असेल तर क्लॅम्प एकदा सपाट केला की वरूनच फिरवता येतं, खालचे पाय कसेही असले तरी.

इतक्या तक्रारी सांगूनही राजगड-तोरण्यासाठी आमची शिफारस बॉल हेडचीच आहे. वजन कमी, बाहेर आलेले दांडे नाहीत, सॅकमध्ये अडकत नाही, आणि ढगातून दोन मिनिटं ऊन आलं तर एका नॉबवर फ्रेम लागते. के-२०एक्स या कामासाठी योग्य आहे. आर्का पद्धतीचा, म्हणजे अनेक कंपन्यांच्या उतरत्या कडांच्या प्लेटा घेणारा क्लॅम्प आहे, ४०० ग्रॅम सहज नेता येतात आणि फ्रिक्शन नीट लावलं तर दोन किलोपर्यंतचा संच ते विश्वासानं धरतं. २५ किलो हा आकडा विसरून जा.

वाडे, देवळं, घरांचे आतले फोटो, दागिने आणि जुन्या पोथ्यांच्या नकला यांचा प्रश्न वेगळा आहे. इथे एक अक्ष हलवताना बाकीचे दोन हलता कामा नयेत. बॉल हेडवर नेमकं उलट होतं: डावीकडचा कल काढायला गोळा सोडला की वर-खालचा कोनही हातातून जातो. विश्रामबागवाडा १८०७ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या दर्शनी भागाचं सागवानी कोरीवकाम समोरच्या अरुंद जागेतून टिपताना कॅमेरा एक अंश जरी वर झुकला तरी खांब आत कलतात. नंतर संगणकावर सरळ करता येतात, पण कडा कापल्या जातात आणि वरच्या भागातला तपशील ताणला जातो.

मॅनफ्रोटो ४१० ला तीन अक्षांसाठी तीन गिअर आहेत. नॉब फिरवला की कॅमेरा अगदी थोडा सरकतो. मोठी हालचाल हवी असेल तर क्लच सोडवून तो अक्ष मोकळा करायचा. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे इथे आवळायचंच नसतं. नॉब सोडला की दात जिथे आहेत तिथेच धरतात. त्यामुळे आवळताना फ्रेम बसण्याचा प्रश्नच येत नाही. ५ किलोचं भारमान कमी वाटलं तरी २४ मिमीच्या लेन्ससह मिररलेस कॅमेऱ्याला ते भरपूर आहे.

उणिवाही आहेत. १.२२ किलो वजन गडावर न्यायचं नाही. प्लेट मॅनफ्रोटोची स्वतःची, ४१०पीएल, त्यामुळे आर्का प्लेट लावलेला कॅमेरा तसाच बसत नाही. वर वेगळा आर्का क्लॅम्प बसवून घ्यावा लागतो. जुना नग घेत असाल तर कॅमेरा लावून लेन्सचं टोक दोन बोटांनी हलकं वर-खाली करून बघा. नॉब न फिरता टोक हललं तर दातांत मोकळीक आली आहे. थोडी मोकळीक असलेलं हेडही नीट वापरता येतं: नॉबचा शेवटचा पाव फेरा नेहमी वजन वर उचलण्याच्या दिशेनं द्या, म्हणजे दात एका बाजूला टेकलेले राहतात.

बेन्रोचं जीडी३डब्ल्यूएच याच कामाचं, वजन सुमारे ७४० ग्रॅम, भारमान ६ किलो आणि मुख्य म्हणजे आर्का पद्धतीचा क्लॅम्प. ज्यांच्याकडे आर्का प्लेटा आधीच आहेत त्यांनी आधी हे बघावं. आज नवीन गिअर हेड घेणाऱ्याला आम्ही हेच सुचवू. ४१० स्टुडिओत एका जागी राहणार असेल तरच.

तीन दांड्यांचं साधं पॅन-टिल्ट हेड, उदाहरणार्थ मॅनफ्रोटोचं एमएचएक्सप्रो-३डब्ल्यू, या दोन्हींच्या मधलं. एका वेळी एकच अक्ष सुटतो, दांडे आत ढकलता येतात, वजन १ किलो. पण दांडा आवळताना घसरण इथेही होते, म्हणून बारीक कामाला गिअरच बरं.

वाड्यांचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे आणि अशा ठिकाणी ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते. हेड कितीही चांगलं असलं तरी पत्र नसेल तर दारातूनच परत यावं लागेल.

प्लेट आणि क्लॅम्पकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि पैसे मात्र तिथेच वाया जातात. आर्का पद्धतीची प्लेट साधारण ३८ मिमी रुंद, दोन्ही कडा ४५ अंशात उतरत्या. पण हे कागदावर बांधलेलं मानक नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेटांत मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरक पडतो. स्क्रूनं आवळायच्या क्लॅम्पला त्याचं काही वाटत नाही, तो हवा तेवढा मिटतो. खटक्याच्या दांडीनं बंद होणारा क्लॅम्प मात्र ठरावीक रुंदीलाच घट्ट होतो. दुसऱ्या कंपनीची प्लेट त्यात एक तर सैल राहते, नाहीतर दांडी बंदच होत नाही. सैल राहणं जास्त धोक्याचं, कारण दांडी मिटलेली दिसते. सगळ्या प्लेटा एकाच कंपनीच्या नसतील तर स्क्रूचा क्लॅम्प घ्या.

प्लेट कॅमेऱ्याला लागते ती १/४ इंची स्क्रूनं, इंचाला २० आटे. हा स्क्रू प्लेटच्या वर किती येतो ते बघा. सोनीच्या कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत तो ५.५ मिमीपेक्षा लांब नसावा असं सांगितलेलं असतं. लांब स्क्रू जोरात पिळला तर कॅमेऱ्याच्या तळाला इजा होते. प्लेटला मागे छोटी उभी कड असावी, कॅमेऱ्याच्या पाठीला टेकणारी. ती नसेल तर उभ्या फ्रेममध्ये जड लेन्स कॅमेऱ्याला स्क्रूभोवती फिरवते आणि वाटतं हेडच घसरलं. दोन्ही टोकांना खाली छोटे अडवे असावेत, म्हणजे क्लॅम्प सैल राहिला तरी कॅमेरा सरकून खाली पडत नाही. प्लेट बोटांनी नव्हे, ॲलन कीनं आवळा. बहुतेकांना ४ मिमीची चालते. रविवार पेठेत बोहरी आळीत ॲलन कीचा सुटा संच मिळतो, तो कॅमेऱ्याच्या बॅगेत कायम असू द्या.

पक्ष्यांसाठी गिंबल हेड. ४०० मिमीच्या पुढची लेन्स बॉल हेडवर लावून उडत्या पक्ष्यामागे फिरवणं म्हणजे काठीवर तोल सांभाळणं. गिंबलवर लेन्स अक्षाच्या पातळीत टांगलेली असते, म्हणून एका बोटानं फिरते आणि सोडली की थांबते. पण तोल नीट लावला तरच. आधी वर-खालचा अक्ष मोकळा करून लेन्सचा पाय क्लॅम्पमध्ये पुढे-मागे सरकवा. लेन्स आडवी सोडल्यावर कोणतंही टोक खाली जाता कामा नये. झूम लेन्स असेल तर ज्या लांबीला जास्त वापरता तिथे हे करा, कारण पुढे सरकणारी नळी तोल बिघडवते. मग लेन्स ४५ अंश वर करून सोडा. ती तिथेच राहिली तर उंची बरोबर. आणखी मागे कोसळली तर लेन्स अक्षाच्या वर आहे, आडवा हात खाली घ्या. आपोआप आडवी झाली तर ती अक्षाच्या खाली आहे, हात वर घ्या. विम्बर्लीचं डब्ल्यूएच-२०० या प्रकारातलं जुनं, नावाजलेलं हेड, वजन सुमारे १.४ किलो. कवडीपाटाला काठावर पाय रोवून बसणाऱ्याला गिंबल सार्थ आहे. भिगवणला होडीतून फ्लेमिंगो टिपणार असाल तर गिंबल घरी ठेवा. होडीची थरथर पायांतून वर येते, तिथे काठावर टाकलेली बीन बॅगच कामाला येते.

व्हिडिओसाठी फ्लुइड हेड, म्हणजे हालचाल संथ ठेवणारं, आणि त्यात काउंटरबॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचं वजन तोलून धरणारी स्प्रिंग, बघायचा. मॅनफ्रोटोच्या एमव्हीएच५००एएच मध्ये तो २.४ किलोला ठरवलेला आहे, बदलता येत नाही. सव्वा किलोचा मिररलेस कॅमेरा त्यावर खाली झुकवून सोडला तर स्प्रिंग त्याला परत वर ढकलते. लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीचा एखाद्या गॅलरीतून संथ पॅन घ्यायचा आणि शेवटी ढोलपथकावर खाली यायचं असेल, तर ही उसळी शॉट बिघडवते. माइक, मॉनिटर, पिंजरा (कॅमेऱ्याभोवतीची चौकट) लावून संच दोन-अडीच किलोंचा होत असेल तर हेच हेड छान चालतं.

दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा आणि स्वतःची सर्वांत जड लेन्स घेऊन जा. हेड दुकानातल्या दणकट ट्रायपॉडवर लावायला सांगा, मधला दांडा पूर्ण खाली. लेन्स आणि कॅमेरा दोन्हींचं स्टॅबिलायझेशन बंद करा, नाहीतर घसरण लपते. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र, दहापट मोठा करून रस्त्यापलीकडच्या पाटीवरच्या एका अक्षराच्या कान्यावर फ्रेमचा मध्य ठेवा. आता आवळा, हात काढा आणि काना किती सरकला ते बघा. तसंच दोन मिनिटं ठेवून परत बघा. पहिल्यांदा न हललेली काही हेडं हळूहळू उतरतात. हेच लेन्स ४५ अंश खाली झुकवून करा. मग पॅनचं लॉक आवळा. ते आवळताना फ्रेम आडवी सरकत असेल तर त्या हेडनं पॅनोरामा काढताना त्रास होणार. शेवटी सगळं आवळलेलं असताना कॅमेरा धरून हलकेच पिळा. क्लॅम्प गोळ्याच्या मानेवर फिरला तर आतला स्क्रू सैल आहे. नवीन नगात असं दिसलं तर तो घेऊ नका. वापरलेल्या हेडमध्ये हे दुरुस्त होतं: क्लॅम्प काढा, आटे स्वच्छ पुसा, निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावून आवळा आणि २४ तास हात लावू नका. लाल थ्रेडलॉकर वापरू नका, तो पुन्हा सुटायला तापवावा लागतो.

हेड आणि ट्रायपॉड जोडणारा स्क्रू ३/८ इंची, इंचाला १६ आटे. हलक्या ट्रायपॉडवर १/४ इंची असतो, त्यासाठी पितळी किंवा स्टीलची बुश मिळते. ट्रायपॉडच्या वरच्या चकतीत खालून येणारे छोटे ग्रब स्क्रू असतील तर हेड बसवल्यावर ते आवळा, म्हणजे पॅन करताना हेड उलटं फिरून सुटत नाही. मात्र हेडचा तळ चकतीपेक्षा बराच लहान असेल तर हे स्क्रू हवेतच राहतात. घेण्याआधी दोन्हींचा व्यास मोजा.

पावसाळ्यात घाटातून परत आल्यावर हेड ओल्या बॅगेत ठेवू नका. सगळे नॉब सैल सोडा, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं गोळा पुसा, तो फिरवून खालची बाजूही पुसा. कोकणात वाळू उडाली असेल तर आधी ब्रशनं झाडा, मग पुसा. उलट केलंत तर कणांनी गोळ्यावर चरे पडतात. गोळा जड फिरतोय म्हणून तेल किंवा डब्ल्यूडी-४० मारू नका. पकड सगळी घर्षणावर आहे, आणि कपेत एकदा तेल गेलं की हेड पूर्ण उघडून पुसल्याशिवाय ती परत येत नाही.